अपडेटनंतर वायफाय गायब? कार्ड बदलण्याआधी हे ऐका

आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका, गोष्टीतूनच सांगणार आहे. ज्यांना कमांड ऐकून टाईप करता येत नाहीत, त्यांच्यासाठी हा मजकूर नेहमीसारखा लेखी देतोय. कमांड जशा बोललो तशाच, अक्षरं सुटी करून लिहिल्यात. मोबाईलवर हा भाग उघडा ठेवा आणि समोर लॅपटॉप घेऊन बसा.

विषय असा: ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड केली, मशीन पुन्हा सुरू झालं, सगळं छान नवंकोरं दिसतंय, आणि वायफायचं चिन्हच नाही. सेटिंगमध्ये जावं तर तिथे लिहिलेलं, ‘वायफाय अडॅप्टर सापडला नाही’. काल रात्रीपर्यंत चालत होतं. मग आपण काय म्हणतो? ‘कार्ड उडालं.’

माझ्या आतेबहिणीला हेच वाटलं होतं. ती बार्शीला असते, मी पुण्यात. तिच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर उबंटू टाकून मीच दिला होता. २०.०४ आवृत्ती होती. तिचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, म्हणून मीच तिच्या मागे लागलो होतो, ‘अगं, अपग्रेड करून टाक, २२.०४ घे.’ तिने एका शनिवारी रात्री अपग्रेड लावलं आणि झोपली. रविवारी सकाळी वायफाय गायब.

आता ती घरबसल्या एका क्लाससाठी मराठी प्रश्नपत्रिका टाईप करून देते. पानामागे पैसे मिळतात. त्या रविवारी रात्री बारापर्यंत चाळीस पानं पाठवायची होती. पानं टाईप होऊन लॅपटॉपमध्ये तयार होती, फक्त पाठवायची आणि दोन-चार ठिकाणी ऑनलाईन तपासून घ्यायची राहिली होती. ती लॅपटॉप घेऊन एसटी स्टँडजवळच्या दुकानात गेली. दुकानदाराने सेटिंग उघडून बघितलं, ‘अडॅप्टर सापडला नाही’ हे वाचलं, आणि म्हणाला, ‘कार्ड गेलंय. नवीन टाकावं लागेल, पंधराशे रुपये. मंगळवारी येईल.’

तिने तिथूनच मला फोन केला. ‘दादा, वायफायचं कार्डच गेलंय म्हणतायत. टाकू का नवीन?’

मी म्हटलं, ‘पैसे देऊ नकोस. आधी घरी जा.’

दुकानदाराची चूक काढायला मी हे सांगत नाहीये. स्क्रीनवर जे लिहिलं होतं तेच त्याने सांगितलं. गडबड त्या वाक्यातच आहे. ‘सापडला नाही’ याचे दोन वेगळे अर्थ होतात आणि आजचा अख्खा भाग त्या दोन अर्थांवरच आहे.

पहिला अर्थ: मशीनला ते कार्ड दिसतच नाही. म्हणजे स्लॉटमधून निघालंय, बायोसमध्ये बंद आहे, किंवा खरंच मेलंय. दुसरा अर्थ: मशीनला कार्ड दिसतंय, पण ते चालवायचं कसं हे सांगणारा ड्रायव्हर मिळत नाहीये. घरात नवी मिक्सर आली, प्लग लावला, पण त्या खोलीची लाईनच जोडलेली नाही. मिक्सर बिघडलेली नाही ना!

अपग्रेडनंतर लगेच जेव्हा असं होतं, तेव्हा बहुतेक वेळा दुसराच अर्थ खरा असतो. कारण साधं आहे. अपग्रेडने सॉफ्टवेअर बदललं, कोणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन लॅपटॉप उघडला नाही. तरी अंदाजावर जायचं नाही, तपासायचं. तपासायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे शून्य.

पण त्याच्या आधी एक काम. बघा, तिची मुदत रात्री बाराची होती. अशा वेळी दुरुस्तीच्या मागे लागलात तर दुरुस्ती चारला होईल नाहीतर बाराला होईल, सांगता येत नाही. म्हणून आधी काम वाचवायचं, कार्ड नंतर. आणि काम वाचवणारी गोष्ट तुमच्या खिशातच आहे.

अँड्रॉईड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग असं पान असतं, तिथे ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. हॉटस्पॉट नाही बरं का! हॉटस्पॉट पकडायला लॅपटॉपचं वायफाय लागतं आणि तेच तर बंद आहे. यूएसबी टेदरिंगमध्ये फोनच लॅपटॉपचं नेटवर्क कार्ड बनतो. लॅपटॉपला वाटतं कोणीतरी लॅनची वायर लावली. उबंटूवर आणि विंडोज १० किंवा ११ वर अँड्रॉईड फोनसाठी शक्यतो वेगळं काही टाकावं लागत नाही. आयफोन असेल तर विंडोजवर ॲपलचा ड्रायव्हर आधी असावा लागतो, हे लक्षात ठेवा.

दोन छोट्या अडचणी येतात. टेदरिंगचं बटण फिकट दिसत असेल तर केबल बदला. स्वस्त केबलींमधल्या काही नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही. आणि मोबाईल डेटा कमी असेल तर फोन घरच्या वायफायला जोडलेला ठेवा. बहुतेक अँड्रॉईड फोन तेच वायफाय केबलमधून लॅपटॉपला देतात. तुमचा डेटा पॅक वाचतो.

आतेबहिणीने हे केलं. पहिली केबल चालली नाही, आत्याच्या फोनची केबल आणली, ती चालली. दुपारी तीनच्या आत तिची चाळीस पानं गेली. मग ती म्हणाली, ‘हं, आता सांग काय करायचं ते. आता मला टेन्शन नाही.’

तिचं ते वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. टेन्शनमध्ये माणूस कुठल्यातरी व्हिडीओत दिसलेल्या दहा कमांड एकामागे एक टाकतो आणि मग मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला, हेच कळेनासं होतं.

आता तपासणी. उबंटू किंवा कुठलंही लिनक्स असेल तर टर्मिनल उघडा. कमांड अशी: एल-एस-पी-सी-आय, मग स्पेस, मग डॅश, एन-एन-के. सगळी अक्षरं लहान. ही कमांड काहीही बदलत नाही. मशीनच्या आत कोण कोण बसलंय, त्याची फक्त हजेरी घेते. लांबलचक यादी येईल. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ किंवा ‘इथरनेट कंट्रोलर’ असं लिहिलेली ओळ शोधा. कार्ड यूएसबीला लावायचं बारकं डोंगल असेल तर ते या यादीत येणार नाही, त्याच्यासाठी एल-एस-यू-एस-बी.

मी तिला म्हटलं, ‘स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठव.’ तिने पाठवला. आणि त्यात वायफाय कार्डाची ओळ होती! म्हणजे दुकानदार ज्याला ‘गेलं’ म्हणाला, ते कार्ड हजेरीला ‘उपस्थित’ म्हणत होतं. पंधराशे रुपये तिथेच वाचले.

त्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन तुकड्यांचा एक नंबर असतो, मध्ये दोन टिंबं. पहिला तुकडा कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. ८०८६ असेल तर इंटेल. त्यांचा गाजलेला ८०८६ प्रोसेसर, त्याचाच आकडा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. हा नंबर लिहून ठेवा. उद्या कोणाला मदत मागायची झाली तर ‘माझ्या लॅपटॉपचं वायफाय चालत नाही’ यापेक्षा हा नंबर सांगितलात तर समोरच्याला लगेच कळतं.

आता त्याच्या खालच्या ओळी वाचायच्या. तिथे दोन गोष्टी असू शकतात. एक, ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’, म्हणजे सध्या हे कार्ड कोण चालवतंय. दुसरी, ‘कर्नल मॉड्यूल्स’, म्हणजे हे कार्ड चालवू शकेल असं कोण कोण उपलब्ध आहे. चालू मशीनवर दोन्ही दिसतात. तिच्या फोटोत दुसरी ओळ होती, पहिली नव्हती.

म्हणजे काय? ड्रायव्हर घरात आहे, पण कामावर आलेला नाही.

इथे मी जरा थांबलो. कारण ड्रायव्हर असेल आणि कार्ड असेल, तर लिनक्स सुरू होताना आपोआप दोघांची गाठ घालून देतं. ती पडत नसेल तर मध्ये कोणीतरी अडवतंय. म्हणून मी तिला म्हटलं, त्या दुसऱ्या ओळीतलं ड्रायव्हरचं नाव घे आणि अशी कमांड टाक: सुडो, स्पेस, मॉडप्रोब, स्पेस, आणि ते नाव. म्हणजे आपण हाक मारून त्याला बोलवायचं. तिने पासवर्ड टाकला, एंटर मारलं, आणि पाच-सात सेकंदांत तिकडून आवाज, ‘दादा, आलं! शेजारच्यांची पण वायफाय दिसायला लागली!’

झालं की मग! नाही, झालं नव्हतं. कारण मशीन पुन्हा सुरू केलं की परत गायब. हाक मारली की येतो, आपणहून येत नाही. ही खूण ओळखीची आहे. असं तेव्हा होतं, जेव्हा ड्रायव्हरचं नाव काळ्या यादीत टाकलेलं असतं. लिनक्समध्ये त्याला ब्लॅकलिस्टच म्हणतात. यादीत नाव असलेला ड्रायव्हर आपोआप सुरू होत नाही, पण नाव घेऊन बोलावलं तर येतो.

आता प्रश्न असा, काळ्या यादीत टाकलं कोणी? तिला शोधायला सांगितलं: ग्रेप, स्पेस, डॅश आर, स्पेस, ब्लॅकलिस्ट, स्पेस, स्लॅश ई-टी-सी, स्लॅश मॉडप्रोब डॉट डी. ब्लॅकलिस्ट हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत. बऱ्याच ओळी आल्या. सिस्टीमच्या स्वतःच्या पण असतात, त्यांना हात लावायचा नाही. पण एका फाईलमध्ये एकच ओळ होती आणि त्या फाईलला माझं नाव होतं.

हो. माझंच.

मला आठवलं तेव्हा कानशिलं गरम झाली. २०२१ मध्ये लॅपटॉप तयार करताना उबंटूच्या आतला ड्रायव्हर त्या कार्डावर नीट चालत नव्हता, सिग्नल सारखा तुटायचा. म्हणून मी बाहेरून एक ड्रायव्हर आणला, तिच्या मशीनवर बनवला आणि दोघांचं भांडण नको म्हणून आतल्याला काळ्या यादीत टाकलं. चार वर्षं मस्त चाललं. पण लिनक्समध्ये प्रत्येक कर्नलचं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचं, ड्रायव्हरचं फोल्डर वेगळं असतं. अपग्रेडने नवा कर्नल आला. माझा बाहेरचा ड्रायव्हर जुन्या कर्नलच्या फोल्डरमध्ये राहिला. दरम्यान आतला ड्रायव्हर सुधारून चांगला झाला होता, पण दाराला मी लावलेलं कुलूप तसंच. बाहेरचा मागे राहिला, आतला कुलपात. कार्ड बिचारं दोघांची वाट बघत बसलेलं.

उपाय काय केला? त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं. पुसली नाही, नुसती निकामी केली, म्हणजे लागली तर परत आणता येईल. मशीन पुन्हा सुरू. वायफाय आपोआप आलं. संध्याकाळी सहा वाजले होते. एकूण खर्च शून्य. ती म्हणाली, ‘म्हणजे कार्ड नाही, दादाच बिघडला होता.’ आत्या मागून हसत होती. ऐकून घ्यावं लागलं.

आता तुमच्याकडे अगदी हेच असेल असं नाही. म्हणून बाकीच्या शक्यता पटपट सांगतो.

एक. यादीत कार्डाची ओळ आहे, पण खाली ना ड्रायव्हर ना मॉड्यूल. म्हणजे ड्रायव्हरच नाही. काही कार्डांचा ड्रायव्हर बाहेरून येतो. उबंटूत ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ नावाचं पान असतं, टेदरिंग चालू ठेवून तिथे बघा.

दोन. ड्रायव्हर चालू आहे, तरी वायफाय नाही. मग सुडो, स्पेस, डी-मेसेज अशी कमांड द्या, स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी. त्यात ‘फर्मवेअर’ शब्द शोधा. फर्मवेअर लोड झालं नाही असं लिहिलेलं असेल तर कार्डात भरायची छोटी फाईल कमी आहे. ती लिनक्स-फर्मवेअर नावाच्या पॅकेजमध्ये असते. टेदरिंग लावून सिस्टीम पूर्ण अपडेट करा.

तीन. आर-एफ-किल, स्पेस, लिस्ट. इथे ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ पुढे ‘यस’ असेल तर विमान मोड किंवा कीबोर्डवरचं बटण चुकून दाबलं गेलंय. हसू नका, हे खूप जणांचं होतं.

चार. बाहेरून टाकलेला ड्रायव्हर बनतो, पण सुरू होत नाही, आणि सही किंवा ‘की’बद्दल तक्रार येते. हे सिक्युअर बूट. सही नसलेला ड्रायव्हर ते आत सोडत नाही. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड विचारला असेल तर तो लक्षात ठेवा. पुढच्या वेळी सुरू होताना निळी स्क्रीन येते, तिथे की नोंदवायचा पर्याय निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलंत तर नोंदणी राहून जाते.

पाच. हजेरीत कार्ड नाहीच. आता हार्डवेअरकडे वळा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग सुरू करा. विंडोजसुद्धा असेल तर विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून शट डाऊन करा, म्हणजे ते अर्धवट झोपत नाही, खरं बंद होतं. बायोसमध्ये वायरलेस बंद तर नाही ना, ते बघा. तरी नाही दिसलं तर दुकानात जा, पण आधी ‘कार्ड काढून परत बसवून बघा’ असं सांगा.

विंडोजवाल्यांनो, तुम्हाला विसरलो नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे खूप जण ११ वर गेलेत आणि काहींना हीच अडचण येते. विचार तोच. स्टार्टवर राईट क्लिक, डिव्हाईस मॅनेजर. ‘नेटवर्क अडॅप्टर्स’मध्ये कार्ड आहे का बघा. नसेल तर ‘अदर डिव्हाइसेस’मध्ये पिवळं चिन्ह लागलेलं काही आहे का बघा. असेल, तर कार्ड जिवंत आहे, ड्रायव्हर हरवलाय. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तिथे हार्डवेअर आयडी. व्ही-ई-एन पुढे कंपनीचा नंबर, डी-ई-व्ही पुढे मॉडेलचा. तोच नंबर जो लिनक्सवाल्यांनी लिहून घेतला.

मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून ड्रायव्हर घ्या. लॅपटॉपवर नेट नसेल तर फोनवर डाऊनलोड करून केबलने टाका. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नका. ड्रायव्हर नवा झाल्यावर बिघडलं असेल तर प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ बटण असतं. आणि अगदीच अडलं तर अपग्रेडनंतर साधारण दहा दिवसांच्या आत सेटिंगमधल्या रिकव्हरीतून जुन्या विंडोजवर परत जाता येतं. त्याआधी फाईलींची कॉपी करून ठेवा.

अजून एक खात्रीची चाचणी, कुठल्याही सिस्टीमसाठी. पेन ड्राईव्हवर उबंटू घ्या आणि इन्स्टॉल न करता नुसतं ‘ट्राय’ करून बघा. तिथे वायफाय चाललं तर कार्ड ठणठणीत आहे आणि दोष तुमच्या सिस्टीममध्ये आहे. नाही चाललं तर मात्र लगेच कार्डाला दोष देऊ नका, कारण काही कार्डांना त्यात ड्रायव्हर नसतो. हजेरी तेवढी घ्या.

आता माझ्यासाठी मी काय शिकलो ते सांगतो. तिच्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर आता एक साधी टेक्स्ट फाईल आहे. त्यात मी बाहेरून काय टाकलं, कुठली ओळ बदलली, कधी आणि का, सगळं मराठीत लिहिलंय. तुम्हीही घरच्यांचे, मित्रांचे लॅपटॉप तयार करून देत असाल, देताच, मला माहितीये, तर एवढी एक फाईल ठेवत जा. चार वर्षांनी तुम्ही दुसऱ्या गावात असाल आणि मशीनसमोर तुमची बहीण बसलेली असेल. तिला दुकानात पंधराशे रुपये मोजायला लावू नका.

आणि आज रात्री एक काम करा. वायफाय चालू असतानाच ती हजेरीची कमांड टाका, किंवा डिव्हाईस मॅनेजर उघडा, आणि तुमच्या कार्डाचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव फोनमध्ये लिहून ठेवा. बिघडल्यावर शोधण्यापेक्षा चालू असताना लिहिणं सोपं जातं. आणि तुमची केबल डेटा देते का, तेही एकदा टेदरिंग लावून बघा.

कोणाचं वायफाय अपग्रेडनंतर गेलेलं असेल तर त्यांना हा भाग पाठवा. वायफाय नसेल तर फोनवर ऐकतीलच! भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, बॅकअप घ्या. नमस्कार.